नळीच्या मापाची गोळी

आर्थर कॉनन डॉयल यांनी १९०३ साली शेरलॉक होम्सला ‘द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द एम्टी हाउस’ या कथेतून जिवंत परत आणलं. त्या कथेत कर्नल सेबॅस्टियन मोरान हा हिंदुस्थानात वाघांच्या शिकारीत नाव कमावलेला माजी लष्करी अधिकारी होम्सच्या जिवावर उठतो. खिडकीच्या पडद्यावर दिसणाऱ्या सावलीवर तो नेम धरतो आणि गोळी झाडतो. त्याच्या हातातलं हत्यार म्हणजे फॉन हेर्डर नावाच्या अंध जर्मन कारागिराने घडवलेली, हवेच्या दाबावर चालणारी रायफल. तिचा आवाज जेमतेम, आणि तिच्यातून सुटते ती रिव्हॉल्व्हरची गोळी.

कथेत हे चोख जुळतं. यंत्र म्हणून पाहिलं की मात्र एक प्रश्न उभा राहतो. रिव्हॉल्व्हरची गोळी दारूच्या स्फोटाचा दाब गृहीत धरून ओतलेली असते. तीच गोळी हवेच्या रायफलीत घातली तर ती नळीत नीट बसेल का? हवा तिच्या कडेने निसटून जाणार नाही का? अमेरिकेत आज मोठ्या बोअरच्या एअर रायफली बनवणारे आणि त्यांच्यासाठी शिशाच्या गोळ्या ओतणारे लोक याच प्रश्नाशी झटत असतात. गोळीच्या घेरात केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक पडला, तरी निशाणा हातभर सरकू शकतो.

एअर रायफल म्हटलं की आपल्याकडे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवते, नाहीतर ऑलिंपिकमधली १० मीटरची स्पर्धा. त्या स्पर्धेतला छरा ४.५ मिलिमीटरचा आणि साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. तो नळीतून बाहेर पडताना त्याच्यात सात-आठ ज्यूल ऊर्जा असते. मोठ्या बोअरची रायफल ही वेगळीच जात आहे. तिच्या नळीचा व्यास ८ मिलिमीटरपासून साडेबारा मिलिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही जास्त असतो आणि गोळी दहा-वीस ग्रॅमची. २२ ग्रॅमची गोळी सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटली, तर तिच्यात साडेसहाशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. टेक्सास राज्यात २०१८ पासून अशा रायफलीने हरणाची शिकार करायला परवानगी आहे. त्यासाठी नळी किमान ०.३० इंचाची लागते आणि ऊर्जेचीही किमान मर्यादा घालून दिलेली आहे.

हा प्रकार आजचा नाही. बार्थोलोमॉस जिरार्डोनी या कारागिराने बनवलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. हातपंपाने ती भरायला सुमारे दीड हजार वेळा दट्ट्या मारावा लागे. नळीला लागून असलेल्या नळकांड्यात वीसेक गोल गोळ्या मावत, आणि एका आडव्या सरकत्या ठोकळ्यातून एकेक गोळी नळीच्या मागे येऊन बसे. गोळी जराशी मोठी असली तर ठोकळा अडकायचा, लहान असली तर हवा वाया जायची. म्हणून शिपायाच्या सामानात पंपाबरोबर शिसं ओतायची पळीही असे. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क १८०३ ते १८०६ या काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडे मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरही एक हवेची रायफल होती. वाटेत भेटणाऱ्या मूळ रहिवाशांना लुइस ती चालवून दाखवत असे.

दाब कुठे कमी पडतो

रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा कोरलेल्या असतात. दोन खाचांमधला भाग उंच राहतो, त्याला कंगोरा म्हणू. कंगोरे गोळीच्या अंगात रुततात, गोळी पिळाबरोबर फिरू लागते आणि हवेत सरळ जाते. यासाठी गोळीने खाचा पूर्ण भरायला हव्यात. तसं झालं नाही तर मागचा वायू खाचांतून पुढे पळतो आणि गोळी नळीत तिरकी होते.

दारूच्या बंदुकीत हे काम बऱ्याच अंशी दाबच उरकतो. अमेरिकी सैन्याने १८७३ साली घेतलेल्या ०.४५-७० या काडतुसाची आजची दाबमर्यादा दर चौरस इंचाला २८ हजार पौंड आहे. आधुनिक रायफलींत ती ५०-६० हजारांवर जाते. इतक्या दाबाखाली मऊ शिशाची गोळी मागून दबते, अंगाने फुगते आणि खाचांमध्ये भरून बसते. माप थोडं चुकलं असलं तरी ती चूक झाकली जाते.

हवेच्या रायफलीत टाकी भरलेली असते ती साधारण ३,००० ते ४,५०० पौंडांच्या दाबाने. मोटारीच्या टायरच्या शंभरपट असला, तरी हा दाब शिशाला पुरत नाही. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठिणता ५ च्या आसपास असते. ब्रिनेल मोजतात ते दर चौरस मिलिमीटरला किती किलोग्रॅम भार या मापात. एक चौरस मिलिमीटरवर एक किलोग्रॅम भार म्हणजे दर चौरस इंचाला १,४२२ पौंड. ५ ला १,४२२ ने गुणलं की ७,११० येतात. मऊतलं मऊ शिसं अंगभर दबायला ढोबळमानाने तेवढा दाब लागतो, आणि हवेकडे त्याच्या अर्ध्याच्या आसपास असतो. त्यातूनही गोळी पुढे सरकेल तसा तो झपाट्याने उतरत जातो.

भरीव गोळी हवेने फुगणार नाही. दारूच्या बंदुकीत दाब जे काम शेवटच्या क्षणी करून देतो, ते इथे साचा कोरणाऱ्याला आधीच करून ठेवावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात सैन्यांनाही याच अडचणीने दुसऱ्या बाजूने गाठलं होतं. तेव्हा गोळी नळीच्या तोंडातून खाली ढकलायची असे. सहज उतरावी म्हणून ती लहान हवी आणि पीळ पकडावा म्हणून मोठी हवी. १८४९ साली फ्रेंच कॅप्टन क्लोद एतियेन मिनिए याने गोळीचं बूड पोकळ केलं. दारू पेटली की बुडाची पातळ कड पसरून खाचांना भिडे. ब्रिटिशांची १८५३ ची एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर होती. तिची नळी ०.५७७ इंचाची आणि प्रिचेट गोळी ०.५६८ इंचाची. मधली फट काडतुसाचा कागद भरून काढायचा, आणि कागद नळीतून सरकावा म्हणून त्याला चरबी लावलेली असे. ते काडतूस दातांनी तोडावं लागे. १८५७ मध्ये त्या चरबीवरून काय घडलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्या कागदाची आणि चरबीची गरज निर्माण झाली ती गोळी आणि नळी यांच्या मापांतल्या नऊ हजारांश इंचाच्या फरकातून.

मँचेस्टरचा अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने याच सुमारास वेगळी वाट धरली. त्याने नळीचं भोकच षटकोनी आणि पिळाचं केलं, व्यास ०.४५१ इंच, आणि गोळीही त्याच षटकोनी पिळात घडवली. गोळी फुगण्यावर भिस्त ठेवायची गरजच उरली नाही, कारण ती मुळात नळीत चपखल बसणारी होती. १८६० साली विम्बल्डनच्या पहिल्या मोठ्या नेमबाजी मेळाव्याचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थ रायफलीतूनच गोळी झाडून केलं. आजच्या हवेच्या रायफलीसाठी गोळी आखणारा माणूस मिनिएपेक्षा व्हिटवर्थच्या अधिक जवळचा आहे.

पोकळ बुडाची युक्ती हवेच्या बंदुकीत अगदीच निकामी ठरत नाही. १० मीटरच्या स्पर्धेतला डमरूच्या आकाराचा छरा तिच्यावरच चालतो. त्याचा मागचा झगा इतका पातळ असतो, की सायकलच्या पंपातल्या चामडी वायसरसारखा तो थोड्या हवेनेही पसरून कडेला चिकटतो. पण तो आकार हवेत फार अडतो आणि वेग लवकर गमावतो. मोठ्या गोळीला दूर जायचं असतं, म्हणून तिचं अंग भरीव ठेवतात.

आधी नळी मोजायची

आखणी कागदावर सुरू होण्याआधी नळीचा ठसा घ्यावा लागतो. रायफल पूर्ण रिकामी करतात, टाकीतली हवा काढून टाकतात आणि नळीला आतून तेलाचा हलका हात देतात. नळीपेक्षा किंचित मोठा असा शुद्ध शिशाचा तुकडा तोंडाशी ठेवून लाकडी हातोडीने आत बसवतात. मग पितळी सळईने सावकाश दाब देत तो आरपार काढतात. हाताला लगेच कळतं. नळी सर्वत्र सारखी असेल तर सळई एकाच जोराने पुढे जाते. कुठे सैल पडली, तर तिथे नळी रुंद आहे. कुठे अडली, तर तिथे आवळ आहे.

बाहेर आलेल्या तुकड्यावर नळीची उलटी नक्षी उमटलेली असते. नळीतल्या खाचेच्या जागी तुकड्यावर उंचवटा, कंगोऱ्याच्या जागी चर. मायक्रोमीटरने समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर घेतलं की खाचेचा व्यास मिळतो, चरांमधलं घेतलं की कंगोऱ्यांचा. खाचा सम संख्येत असतील तर हे सरळ जमतं. पाच किंवा सात असल्या, तर उंचवट्यासमोर उंचवटा येत नाही आणि व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो.

हा खटाटोप टाळता येत नाही, कारण नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. पॉइंट फोर फाइव्ह या एकाच नावाखाली पिस्तुलाची गोळी ०.४५१-०.४५२ इंचाची असते, जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची ०.४५४ ची, आणि ०.४५-७० जातीच्या रायफलीची ०.४५७-०.४५८ ची. पुण्या-कोल्हापूरच्या मशिन शॉपमधला कारागीर इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतो. एक थाऊ म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. पिस्तुलाच्या आणि रायफलीच्या गोळीत सहा थाऊंचा फरक पडतो. दारूच्या दाबाखाली एखाद वेळी तो खपूनही जाईल. हवेच्या रायफलीत एवढी लहान गोळी कंगोऱ्यांवरून नुसती घसरत जाते, बाजूने हवा निसटते आणि पीळ नीट बसतच नाही.

पुढचा प्रश्न चेंबरचा. काडतूस नसल्यामुळे गोळी उघडीच बसते. काही रायफलींत बोल्टच्या टोकाची बारीक दांडी गोळीला पुढे ढकलते आणि हवा खालच्या किंवा बाजूच्या भोकातून तिच्या मागे येते. इथे गोळीचं बूड त्या भोकाच्या पुढे गेलंच पाहिजे. गोळी लांब असल्यामुळे किंवा अंगाने जाड असल्यामुळे मध्येच थांबली, तर बूड भोकावर येतं, हवेची वाट अडते आणि भोकाची धार शिशाचा किस काढते. तिरकं कातरलेलं बूड घेऊन निघालेली गोळी सरळ जात नाही. फोर्ट वर्थच्या एअरफोर्स एअरगन्स कंपनीने २०१५ साली काढलेल्या टेक्सन रायफलीसारख्या रचनेत व्हॉल्व्ह नळीच्या सरळ रेषेत, थेट मागे असतो. गोळी अंगठ्याने नळीच्या मागच्या तोंडात दाबायची. तिथे भोकाची कटकट नाही, पण गोळी अंगठ्याच्या बेताच्या जोरात आत बसली पाहिजे. फिरत्या मॅगझिनची रायफल असेल तर गोळीची लांबी मॅगझिनच्या जाडीवर ठरते.

खाचा सुरू होण्याआधी नळीला थोडा उतार दिलेला असतो. तो किती अंशाचा आणि किती लांब आहे, हेही मोजावं लागतं. चेंबरच्या तोंडातून मऊ शिशाची कांडी थोडी आत दाबून परत काढली, की उताराचा ठसा मिळतो. गोळीचा पुढचा भाग त्याच उताराला जुळेल असा आखला, तर गोळी प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच खोलीवर आणि नळीच्या मध्यावर बसते.

नाक, पट्टे आणि बूड

शिकारी आणि हौशी लोक सुरुवातीला हाताशी असलेल्या साच्यांवरच भागवत. लायमनसारख्या जुन्या अमेरिकी कंपन्यांचे ०.४५-७० साठीचे साचे सहज मिळायचे. पण ती आखणी दारूसाठी होती. तिच्यात वंगण साठवायला खोल चर असतात, काडतुसाची कड दुमडायला खोबण असते आणि वजन २५ ते ३२ ग्रॅमांपर्यंत जातं. हवेच्या रायफलीला यातलं बहुतेक काही लागत नाही. गरम वायू नसल्यामुळे शिसं वितळून नळीला चिकटत नाही. वंगणाचा अगदी पातळ हात पुरतो.

म्हणून हवेसाठीची गोळी वेगळी काढतात. तिचे ढोबळ तीन भाग. पुढचं नाक कंगोऱ्यांच्या व्यासाइतकं किंवा त्याहून जरा कमी, म्हणजे ते न रुतता कंगोऱ्यांवर टेकून गोळीला सरळ धरतं. त्यामागे दोन-तीन अरुंद पट्टे. त्यांचा व्यास खाचेइतका किंवा अर्धा-एक थाऊ जास्त. हेच पट्टे पिळात रुततात आणि हवा अडवतात. पट्टे रुंद केले तर शिसं जास्त रुतवावं लागतं आणि आधीच मर्यादित असलेली हवेची ताकद घासण्यातच खर्ची पडते. फार अरुंद केले तर पिळाचा ताण सोसत नाहीत. पुढचा पट्टा अनेकदा किंचित लहान ठेवतात, म्हणजे तो उतारात आधी शिरून मागच्यांना वाट करून देतो.

तिसरा भाग बूड, आणि जास्तीत जास्त काळजी त्याची घ्यायची. मॅसॅच्युसेट्समधले डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी गोळ्या का चुकतात याचा अनेक वर्षं छडा लावला आणि १९०९ साली ग्रंथरूपाने प्रयोग मांडले. त्यांनी मुद्दाम गोळ्या बिघडवून झाडून पाहिल्या. नाक चेपलं तर निशाणा फारसा ढळत नसे. बुडाची कड जराशी दुखावली की गोळी भरकटे. कारण नळीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडतं ते बूड. त्या क्षणी वायू एका बाजूने आधी निसटला, तर गोळीला आडवा धक्का बसतो. चेंबरमध्ये गोळी ढकलताना बुडाची कड खरवडू नये म्हणून तिला अगदी बारीक, चौफेर सारखा उतार देतात.

मग ठरतं वजन आणि त्यासोबत लांबी. हवेच्या रायफलीत जड गोळीचा एक फायदा होतो. ती नळीत हळू सरकते, त्यामुळे प्रसरण पावणाऱ्या हवेला तिला ढकलायला जास्त वेळ मिळतो आणि त्याच हवेतून जास्त ऊर्जा निघते. याच कारणाने मोठ्या बोअरच्या नळ्या लांबलचक असतात. पण गोळी लांब होत गेली की तिला स्थिर ठेवायला जोरात फिरवावं लागतं. वुलिचच्या लष्करी संस्थेत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी सोपं सूत्र दिलं. व्यासाचा वर्ग १५० ने गुणायचा आणि गोळीच्या लांबीने भागायचा. उत्तर म्हणजे एक पूर्ण फेरा किती अंतरात व्हायला हवा ते. ११.६ मिलिमीटर व्यासाची आणि २४ मिलिमीटर लांबीची गोळी घेतली, तर हा फेरा सुमारे ८४ सेंटिमीटरमध्ये पूर्ण व्हावा लागतो. गोळी ३० मिलिमीटर केली, तर ६७ सेंटिमीटरमध्ये. गोळीचा वेग कमी असेल तर पीळ सूत्रापेक्षाही थोडा आवळ लागतो. नळीचा पीळ कारखान्यातून ठरून आलेला असतो, त्यामुळे आखणाऱ्याने लांबीचं भान सोडलं तर गोळी निशाण्यावर आडवी आदळते आणि कागदाला गोल भोकाऐवजी किल्लीच्या छिद्रासारखी फट पडते.

साच्याचं गणित

आराखडा झाला की साचा कोरायचा. अ‍ॅल्युमिनियम, पितळ किंवा लोखंडाचे दोन अर्धे ठोकळे, मिटल्यावर मध्ये गोळीच्या आकाराची पोकळी, आणि वर ओतायचं भोक असलेली सरकती पट्टी. पण पोकळी ०.४५७ इंचाची केली म्हणून गोळी ०.४५७ ची निघत नाही. शिसं ३२७ अंशांना गोठतं आणि पुढे थंड होताना आणखी आक्रसतं. नुसत्या या थंड होण्यातच लांबीरुंदीत टक्क्याच्या आसपास घट होते. ०.४५७ इंचावर एक टक्का म्हणजे साडेचार थाऊ. त्यातला काही भाग तापलेल्या साच्याच्या स्वतःच्या फुगण्याने भरून निघतो, उरलेला साचा कोरतानाच जमेस धरावा लागतो.

ही घट धातूप्रमाणे बदलते. शुद्ध शिसं जास्त आक्रसतं. अँटिमनी मिसळलेलं शिसं कमी आक्रसतं आणि कठीणही होतं. त्यामुळे एकाच साच्यातून दोन मिश्रणांच्या गोळ्या काढल्या तर त्यांच्या व्यासात एक-दोन थाऊंचा फरक पडतो. मागणीनुसार साचे कोरून देणारे कारागीर म्हणूनच व्यासाबरोबर मिश्रणही विचारतात. हवेच्या रायफलीसाठी मऊ मिश्रण निवडतात, शुद्ध शिसं किंवा त्यात तीसात एक भाग, चाळीसात एक भाग कथील. कथिलामुळे वितळलेला धातू साच्याच्या कोपऱ्यांत नीट पोचतो आणि पट्ट्यांच्या कडा धारदार येतात. मऊ गोळीत कंगोरे कमी जोराने रुततात, म्हणजे हवेची तेवढी बचत.

ओतताना साचा गार असला तर गोळीवर सुरकुत्या येतात, फार तापला तर पृष्ठभाग पांढरट, दाणेदार होतो. वरच्या भोकाशी धातूचा छोटा ढीग ठेवतात, गोळी गोठताना तो तिला वरून धातू पुरवत राहतो. तो कमी पडला तर बुडाशी पोकळी राहते. साचा उघडून गोळ्या जाड फडक्यावर पाडतात, गार झाल्यावर बूड निरखतात आणि प्रत्येक गोळी तराजूवर घालतात. वजनात हलकी भरली, तर आत हवेचा बुडबुडा आहे असं समजून ती पुन्हा कढईत टाकतात. गोळी थोडी मोठी निघाली तर नेमक्या व्यासाच्या पोलादी कडीतून दाबून बारीक करता येते. लहान निघालेली मात्र मोठी होत नाही. त्यामुळे साचा नेहमी वरच्या मापाकडे झुकता ठेवतात.

शिसं विषारी आहे. त्याची धूळ आणि वरचा मळ पोटात जाता कामा नये, म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि स्वयंपाकघरापासून लांब करतात, आणि नंतर हात धुतल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. लहान मुलांना तर या खोलीची दारंच बंद असायला हवीत.

आपल्याकडे

भारतात हा छंद नाही, आणि त्याला कारणं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. मोठ्या बोअरची रायफल या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाते.

गोळी आणि नळी यांच्या जुळणीची किंमत मात्र आपल्या नेमबाजांना पुरेपूर ठाऊक आहे. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत विश्वविजेता झाला, ते १० मीटर एअर रायफलमध्येच. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छऱ्यांच्या डबीवर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा छापलेला असतो. वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल शिकंज्यात पक्की करून वेगवेगळ्या मापांचे आणि वेगवेगळ्या घाण्यांचे छरे झाडून बघतात, आणि आपल्या नळीतून ज्याची छिद्रं एकमेकांवर पडतात त्या घाण्याचा साठा करतात. तिथे नळीला साजेसा छरा शोधायचा असतो, मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी तो घडवायचा असतो.

या सगळ्या आखणीपुढे सध्या उभा असलेला मोठा प्रश्न शिशाचाच आहे. युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांमध्ये शिशाचे छरे वापरायला बंदी केली, कारण पाणपक्षी ते दाणे समजून गिळतात. शिशाऐवजी कथील वापरता येईल का, याची चाचपणी चालू आहे. कथील मऊ आहे आणि ओतायला सोपं. पण त्याची घनता ७.३, तर शिशाची ११.३. त्याच व्यासात तेवढंच वजन हवं असेल तर गोळी दीडपटीहून लांब होते. वर घेतलेली २४ मिलिमीटरची गोळी कथिलात ३७ मिलिमीटरच्या घरात जाते. ग्रीनहिलच्या सूत्रात ही लांबी आणि कमी घनता दोन्ही धरली, तर ८४ सेंटिमीटरचा पीळ ४५ सेंटिमीटरच्या आसपास आणावा लागतो. म्हणजे नळी नवी कोरायची, चेंबर आणि मॅगझिन लांब करायचं आणि साच्याचा आराखडा पहिल्या रेघेपासून पुन्हा काढायचा. नाहीतर हलकी गोळी पत्करायची आणि तिच्याबरोबर ऊर्जेतली आणि पल्ल्यातली घटही. कथिलाचा भाव शिशाच्या कित्येक पट असल्याने प्रत्येक चुकलेली गोळी पुन्हा कढईत टाकण्याची सवय तेव्हा आणखी कामी येईल.